संगणकशास्त्राचे विद्यार्थी विहिरींत दोरी कां सोडतात?

गेल्या वैशाखांत धसईजवळच्या एका वाडीवर तीन विद्यार्थी आले. दोन मुलगे व एक मुलगी. लांब दोरी, तिला बांधलेलें लोखंडी वजन, एक वही व प्रत्येकाचा मोबाईल, एवढेंच त्यांचें सामान. त्यांनीं वाडीच्या विहिरींत दोरी सोडली, काठापासून पाणी किती खोल आहे तें मोजलें व वहींत टिपून घेतलें. जवळ बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यानें विचारलें, "काय रे पोरांनो, तुम्ही पाणीखात्याचे का?" मुलगी म्हणाली, "नाहीं आजोबा, आम्ही संगणकशास्त्र शिकतों." यावर तेथील मंडळी पोट धरून हंसली. संगणक शिकणारांनीं थंड खोलींत बसावयाचें, तें उन्हांत विहिरीच्या काठावर कशाला?

थट्टा तेथेंच संपली असती तर आम्ही लेखणी हातीं धरली नसती. परंतु आपल्या मंडळाच्या मागील बैठकींत हा विषय निघाला, आणि कांहीं सभासदांनीं निक्षून सांगितलें कीं, आपल्या विहिरींचीं मापें बाहेरच्या कोणास द्यावयाचीं नाहींत. उद्यां त्यांवरून एखादी पट्टी बसेल. हें भय आम्ही वेडेपणाचें मानीत नाहीं. आमचें सारें आयुष्य महसूलखात्याच्या दप्तरांत गेलें. कागदावर चढलेला आंकडा कोठून कोठें जातो हें आम्हीं पाहिलें आहे. म्हणूनच हे विद्यार्थी काय करतात, कशाकरितां करतात, आणि त्यांत आपला लाभ किती व तोटा किती, याची होईल तितकी चौकशी करून ती येथें मांडीत आहों. आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें. तेव्हां जें आम्हांस उमगलें तेंच लिहिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणक वापरणें निराळें आणि संगणकशास्त्र निराळें. सातबाऱ्याचे उतारे संगणकावर चढविण्याचें काम आमच्या नोकरींतच झालें. बोटें दुखेपर्यंत आम्हीं तें केलें. परंतु त्यामुळें आम्ही संगणकशास्त्रज्ञ झालों नाहीं. कर्जत-३ भाताचें बीं पेरणारा शेतकरी आणि कर्जतच्या संशोधन केंद्रांत तें वाण तयार करणारा तज्ज्ञ, यांत जो भेद, तोच येथें समजावा. एखादें मोठें व गुंतागुंतीचें काम, लहान लहान व निःसंदिग्ध पायऱ्यांनीं, थोडक्या वेळांत व चुकीशिवाय कसें उरकावें, या विचाराचें हें शास्त्र आहे. यंत्र हें त्याचें आऊत होय.

या शास्त्राची पदवी घेऊन जे पुढें शिकतात त्यांस पदव्युत्तर विद्यार्थी म्हणतात. एम. टेक.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. पहिलें वर्ष बहुतेक वर्गांत जातें व दुसरें एका प्रकल्पांत. पीएच. डी.स चार-पांच वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक लागतात. प्रत्येक विद्यार्थ्यास एक मार्गदर्शक प्राध्यापक असतो. विद्यार्थ्यानें एक प्रश्न निवडावयाचा, त्यावर जगांत पूर्वीं कोणी काय केलें तें वाचावयाचें, आणि मग त्यांत स्वतःची भर घालावयाची. भर नवी पाहिजे, ही मुख्य अट. दुसऱ्याच्या शेतांतला भारा उचलून आपल्या खळ्यावर टाकला तर तो चालत नाहीं. शेवटीं प्रबंध लिहून तो बाहेरच्या परीक्षकांपुढें मांडावा लागतो, व त्यांच्या प्रश्नांस तोंड द्यावें लागतें. 'गेट' नांवाची परीक्षा उत्तीर्ण होऊन जे मोठ्या संस्थांत प्रवेश घेतात, त्यांतील पुष्कळांस विद्यावेतनहि मिळतें. ज्या सभासदांचीं मुलें अभियांत्रिकी शिकत आहेत त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढील शिक्षणाकरितां जमीन गहाण टाकण्याचें कारण प्रत्येक वेळीं असतेंच असें नाहीं.

विद्यार्थ्यांच्या हातून होणारें हें काम पोरखेळ समजूं नये. अमेरिकेंत १९३७ सालीं क्लॉड शॅनन नांवाच्या विद्यार्थ्यानें पदव्युत्तर पदवीकरितां एक प्रबंध लिहिला. विजेच्या चालू-बंद होणाऱ्या खटक्यांची जुळणी तर्कशास्त्राच्या बीजगणितानें मांडतां येते, असें त्यानें त्यांत दाखविलें. आजच्या सर्व संगणकांच्या रचनेच्या मुळाशीं ही कल्पना आहे. पुढें १९९६ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठांतील दोन विद्यार्थ्यांनीं असा प्रश्न घेतला कीं, जगभरच्या असंख्य पानांतून उपयोगाचें पान कोणतें हें कसें ओळखावें? ज्या पानाकडे पुष्कळ भरंवशाचीं पानें बोट दाखवितात तें पान भरंवशाचें, हें त्यांचें उत्तर. ज्या व्यापाऱ्याची चार चांगलीं माणसें शिफारस करतात त्याच्याकडेच आपणहि भात घालतों, तशांतलाच हा प्रकार. त्या प्रकल्पांतून १९९८ सालीं गूगल ही कंपनी निघाली.

परंतु आपल्यास जवळचें उदाहरण हवें, आणि तें पवईस आहे. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था, जिला लोक आय. आय. टी. म्हणतात, १९५८ सालीं स्थापन झाली. तेथें १९८५ पासून ग्रामीण भागाकरितां तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारें एक स्वतंत्र केंद्र आहे. त्याच संस्थेच्या संगणकशास्त्र विभागांतील प्रा. मिलिंद सोहोनी व प्रा. ओम दमाणी या दोघांनीं, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीं, कर्जत, मोखाडा व आपला शेजारचा शहापूर या तालुक्यांतील पिण्याच्या पाण्याचा प्रश्न अभ्यासास घेतला.

शहापूरची कथा आमच्या वाचकांस सांगावयास नको. तानसा व भातसा यांचीं पाणीं त्या तालुक्यांतून मुंबईस जातात, आणि त्याच तालुक्यांतील वाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत हंडे रांगेनें लागतात. आपल्या मुरबाडाकडेहि वर्षास दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण खालीं काळा पाषाण. त्याच्या भेगांत व वरच्या मुरुमांत मावेल तेवढेंच पाणी राहतें. बाकीचें ओढ्यानदीवाटे खाडीस मिळतें. फाल्गुन सरला कीं विहिरींचा तळ दिसूं लागतो. मग नळयोजना येतात.

नळयोजना येतात, आणि शेवटच्या वाडीस पाणी पोंचत नाहीं. आम्ही नोकरींत असतांना अशा एका योजनेचा पंचनामा स्वतःच्या हातानें लिहिला आहे. टाकी टेकडीवर बांधलेली, पाईप पुरलेले, तोट्या बसविलेल्या. पहिल्या वाडीवर पाणी धो धो, दुसरीवर करंगळीएवढें, आणि तिसरीवर तोटी उघडली असतां वारा फुसफुसे. तिसऱ्या वाडीच्या बायांनीं आम्हांस विचारलें, "भाऊसाहेब, आमचें नांव कागदांत आहे ना?" नांव होतें. आम्हीं 'योजना पूर्ण, शेवटच्या वस्तीस पुरवठा नाहीं' असें लिहिलें व सही केली. दोष कोणाचा हें तेव्हां आम्हांस कळलें नाहीं. ठेकेदारानें पैसे खाल्ले असतील एवढाच तर्क आम्हीं केला. तसेंहि असेल; परंतु या विद्यार्थ्यांचें काम समजून घेतल्यावर आतां वाटतें कीं, प्रामाणिकपणें बांधलेली योजनाहि अशीच फसूं शकते.

तें कसें, हें थोडें सविस्तर सांगतों. टाकीपासून वाडीपर्यंत जी उंचीची उतरण असते तीच पाण्याची पुंजी. समजा, शेवटची वाडी टाकीपेक्षां ४० मीटर खालीं आहे. तोटीपाशीं निदान ७ मीटरचा जोर शिल्लक राहावा असा नियम धरला, तर वाटेंत पाइपाच्या घर्षणांत खर्च करावयास ३३ मीटर उरतात. आतां पाईप जितका अरुंद तितका तो स्वस्त. परंतु घर्षण मात्र भलतेंच वाढतें. तेवढेंच पाणी निम्म्या व्यासाच्या पाइपांतून न्यावयाचें म्हटलें तर घर्षण दुप्पट किंवा चौपट होत नाहीं. तें सुमारें २९ पट होतें. पाटाच्या पाण्याचा अनुभव असणाऱ्यांसहि हा आंकडा ऐकून आश्चर्य वाटेल, आम्हांसहि वाटलें. म्हणजे पैसे वांचविण्याकरितां एकच तुकडा चुकीच्या जागीं अरुंद घातला, तर सगळी पुंजी तेथेंच संपते व पुढच्या वाडीस वारा मिळतो. उलट सगळेच पाईप रुंद घातले तर मंजूर रक्कम अर्ध्या वाटेंतच खलास.

मग कोणता तुकडा किती व्यासाचा घालावा? समजा योजनेंत पाइपाचे २० तुकडे आहेत, आणि बाजारांत ६३, ७५, ९०, ११०, १४० व १६० मिलिमीटर असे सहा व्यास मिळतात. प्रत्येक तुकड्यास सहा पर्याय, म्हणजे सगळ्या योजनेचे पर्याय किती? सहाला सहानें वीस वेळां गुणावें. ती संख्या ३६ कोटी कोटींच्या वर जाते. एखाद्या यंत्रानें सेकंदास १० लाख पर्याय तपासले, तरी सगळे तपासावयास सुमारें ११६ वर्षें लागतील. म्हणजे यंत्र जलद आहे एवढ्यानें भागत नाहीं, युक्ति पाहिजे. संगणकशास्त्राचें काम येथें सुरू होतें.

दमाणी यांचे पीएच. डी.चे विद्यार्थी निखिल हुडा यांनीं हाच प्रश्न घेतला, आणि दोघांनीं मिळून 'जलतंत्र' नांवाची एक संगणक-प्रणाली तयार केली. तिच्यावरील त्यांचा लेख २०१९ सालीं अमेरिकेंतील एका शास्त्रीय नियतकालिकांत छापला गेला. तींतील युक्तीचें मूळ पुष्कळ सोपें आहे. खेड्यांतील नळयोजना झाडासारखी असते; एक खोड, त्यास फांद्या, आणि फांद्यांच्या टोंकास वाड्या. शहरांतल्याप्रमाणें तेथें पाईप फिरून परत एकमेकांस मिळत नाहींत. त्यामुळें कोणत्या तुकड्यांतून किती पाणी जाणार हें आधींच ठरतें. २०१९ सालीं जाहीर झालेल्या जलजीवन अभियानांत माणशीं दररोज ५५ लिटर हें प्रमाण धरलें आहे. पहिल्या वाडीवर ४०० माणसें, दुसरीवर ३००, तिसरीवर २०० असलीं, तर पहिल्या तुकड्यांतून रोज ४९,५०० लिटर, दुसऱ्यांतून २७,५०० व शेवटच्यांतून ११,००० लिटर जाणार. हें कोणीहि तलाठी मांडूं शकेल.

पाणी ठरलें म्हणजे दर मीटर लांबीस घर्षण किती व खर्च किती हेंहि प्रत्येक व्यासाकरितां ठरतें. मग 'हा व्यास कीं तो' असा हट्ट न धरतां, एकाच तुकड्यांत कांहीं लांबी एका व्यासाची व कांहीं दुसऱ्या व्यासाची घातली तर? उदाहरणार्थ, एक हजार मीटरच्या तुकड्यांत आंतून ७५ मिलिमीटरचा पाईप घातला तर १० मीटर जोर खर्च होतो असें धरूं. ६३ चा घातला तर तोच खर्च २३ मीटरांवर जातो. आपल्यास परवानगी १७ मीटरांची आहे. तर ५०० मीटर एका व्यासाचा व ५०० मीटर दुसऱ्या व्यासाचा घालावा; जोर साडेसोळा मीटर खर्च होतो, आणि सगळा रुंद पाईप घेण्यापेक्षां पैसा वांचतो. असें मांडलें कीं सगळा हिशेब सरळ बेरजेचा व गुणाकाराचा होतो, आणि अशा हिशेबांतून सर्वांत स्वस्त उत्तर काढण्याची रीत जॉर्ज डँटझिग यांनीं १९४७ सालींच शोधून ठेविली आहे. संगणक तें उत्तर क्षणांत देतो.

(या डँटझिगची एक गोष्ट विद्यार्थ्यांत आवडीनें सांगतात, व ती खरी आहे. १९३९ सालीं ते बर्कलेस शिकत असतां वर्गांत उशिरा पोंचले. फळ्यावर दोन उदाहरणें होतीं, तीं घरचा अभ्यास समजून त्यांनीं उतरून घेतलीं व कांहीं दिवसांनीं सोडवून दिलीं. तीं त्या शास्त्रांत तोंपर्यंत कोणासच न सुटलेलीं कोडीं होतीं!)

परंतु प्रत्येक वाडीस निराळी टाकी द्यावी कीं दोन वाड्यांत मिळून एक, पंप कोठें बसवावा, असे 'होय कीं नाहीं' जातीचे प्रश्न आले म्हणजे अर्धी टाकी बांधतां येत नाहीं, व पुन्हां पर्यायांचें जंगल उभें राहतें. तेथें दुसरी युक्ति चालते, आणि ती दप्तरांतल्या माणसास चटकन् समजेल. एखादा जुना फेरफार शोधावयाचा असला तर आम्ही प्रत्येक कागद चाळीत नसूं. रुमालावर साल पाहिलें, आपलें साल त्यांत येणेंच शक्य नाहीं असें दिसलें, कीं तो सगळा रुमाल न सोडतांच बाजूस ठेवावयाचा. त्याचप्रमाणें पर्यायांचा एखादा गटचा गट हातीं असलेल्या उत्तरापेक्षां स्वस्त होऊंच शकत नाहीं असें सिद्ध झालें, कीं संगणक तो न उघडतांच टाकून देतो.

तरीहि अशा प्रत्येक कोड्यास जवळची वाट असतेच काय, हा प्रश्न आजपावेतों कोणास सुटलेला नाहीं. तो सोडविणारास अमेरिकेंतील एका गणितसंस्थेनें २००० सालीं दहा लक्ष डॉलरांचें पारितोषिक जाहीर केलें आहे. या प्रश्नावर चढाई करण्याची एक अगदीं नवी वाट ज्या दोघांनीं २००१ सालच्या लेखांत दाखविली, त्यांतील एक केतन मुळमुळे, जे पवईस शिकून पुढें शिकागो विद्यापीठांत प्राध्यापक झाले. आणि दुसरे हेच मिलिंद सोहोनी. जगांतील अत्यंत अवघड अशा गणितांत ज्याचें नांव आहे तो मनुष्य कर्जत-मोखाड्याच्या वाड्यांवर पाण्याचे हंडे मोजीत हिंडतो, ही गोष्ट आम्हांस त्या पारितोषिकाहून मोठी वाटली. विदर्भ-मराठवाड्याकडील पोकरा प्रकल्पांत गांवोगांव पाण्याचा जो ताळेबंद मांडला गेला, म्हणजे पाऊस किती, वाहून किती गेला, मुरला किती व पिकानें किती घेतला, त्याच्या मांडणींतहि पवईच्या या मंडळीचा हात आहे.

शेतीकडे याहून सरळ वळलेला एक प्रकल्प पवईच्याच संगणकशास्त्र्यांनीं २००३ सालीं बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या सहकार्यानें चालविला होता. त्याचें नांव 'आक्वा'. शेतकऱ्यानें मराठींत प्रश्न टाकावा व तज्ज्ञानें त्यास उत्तर द्यावें, आणि तींच प्रश्नोत्तरें पुढच्यास शोधतां यावीं, अशी योजना होती. आज मोबाईलवर असें करणें कोणास नवल वाटत नाहीं. तेव्हां मराठी अक्षर संगणकावर धड उमटविणें हेंच एक संशोधन होतें.

आतां उणी बाजू. संगणकास जें सांगितलें जाईल तेवढेंच तो जाणतो. जलतंत्रानें पाइपाचा हिशेब चोख केला, परंतु ज्या विहिरीवर योजना आधारलेली आहे ती चैत्रांत आटते हें जर कोणी लिहिलेंच नाहीं, तर तो चोख हिशेब कोरड्या विहिरीचा होतो. वीज जाते, मधल्या मधें कोणी चोरून तोटी काढतो, लोकसंख्या वाढते. हें सारें कागदाबाहेर राहतें. आपल्या धसईचेंच पाहा. १ डिसेंबर २०१६ रोजीं राज्यांतील पहिलें रोकडविरहित गांव म्हणून धसईचा गाजावाजा झाला, दुकानांदुकानांतून कार्ड ओढण्याचीं यंत्रें आलीं; पण तार तुटली किंवा वीज गेली कीं वाण्याची वहीच उघडावी लागते, हें कोणत्याहि दुकानदारास विचारावें.

यासाठींच ते विद्यार्थी विहिरींत दोरी सोडतात. खोलींत बसून केलेला हिशेब खरा कीं खोटा, हें विहिरीच्या काठावर ठरतें.

आमचें स्वतःचें एक गाऱ्हाणें मात्र आहे, व तें येथें नोंदवितों. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका संस्थेचे विद्यार्थी आमच्याकडे आले होते. आम्हीं त्यांस दोन दिवस गांव दाखविलें, जुनीं पैसेवारीचीं टिपणें वाचून दाखविलीं, घरीं जेवूं घातलें. पुढें त्यांस पदवी मिळाली असेल. आम्हांस त्यांचा अहवाल आजवर पाहावयास मिळाला नाहीं. पुष्कळ प्रबंध असेच ग्रंथालयांत पडून राहतात असें जाणते सांगतात. विद्यार्थ्यास दोन वर्षांत मोकळें व्हावयाचें असतें. वाडीस मात्र दर वर्षीं उन्हाळा येतो. तेव्हां मापें देऊंच नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. देण्यापूर्वीं अट घालावी असें म्हणतों. कोणत्या संस्थेचे, मार्गदर्शक कोण, मापें कशाकरितां, हें मंडळाच्या नांवें पत्रांत लिहून घ्यावें. सातबारा, खातेक्रमांक किंवा आधारक्रमांक कोणी मागितल्यास देऊं नये. पाण्याच्या पातळीच्या अभ्यासास त्यांची गरज नाहीं. आणि काम संपल्यावर चार पानें कां होईनात, मराठींत लिहिलेला सारांश मंडळाकडे पाठवावा, हें त्याच पत्रांत असावें. वैशाखांत आलेल्या मुलांस आम्हीं हें सांगितलें तेव्हां त्यांनीं तें तत्काळ कबूल केलें. पत्रहि आलें आहे व तें मंडळाच्या दप्तरांत कोणासहि पाहावयास मिळेल.

ज्या सभासदांस मापें ठेवावयाचीं आहेत त्यांनीं तीं पुढीलप्रमाणें ठेवावीं. विहिरीच्या काठावर एका दगडास रंगाची खूण करावी व माप नेहमीं त्या खुणेपासूनच घ्यावें. दर महिन्याच्या १ व १६ तारखेस, सकाळीं पंप सुरू करण्यापूर्वीं, दोरी सोडावी. तारीख, खुणेपासून पाणी किती खोल, आणि आदल्या दिवशीं पंप किती तास चालला, एवढ्या तीन गोष्टी वहींत लिहाव्या. पाणी तळास गेलें तरी रकाना रिकामा न सोडतां 'कोरडी' असें लिहावें. त्या एका शब्दाची किंमत सर्व आंकड्यांहून अधिक आहे. वजन बांधून दर अर्ध्या मीटरास गांठ मारलेल्या सहा दोऱ्या मंडळाच्या कचेरींत तयार आहेत. त्या नांव लिहून घेऊन जाव्या व माप झाल्यावर दुसऱ्या दिवशीं परत आणाव्या.